भट्टीतला गारवा

गेनबाचा टेम्पो भोरहून परत येताना रिकाम्या कॅनचा खडखडाट वळणापलीकडूनच ऐकू यायचा. त्या बुधवारी टेम्पो मुक्यानं आला. थांब्यावर उभ्या असलेल्या बायकांना कॅन उतरायच्या आधीच कळलं, की आदल्या संध्याकाळचं दूध डेअरीनं परत पाठवलं आहे.

१९७४ चा एप्रिल संपत आला होता. मी तेव्हा भोरच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. वार्षिक परीक्षा आटोपून सुट्टीला मार्गासनीला, माझ्या ठकुआत्याकडे आले होते, आणि त्या सकाळी आत्याचा कॅन घेण्यासाठी तिच्याबरोबर थांब्यावर उभी होते. गेनबानं एकेक कॅन खाली ठेवला. सारजाबाईंनी आपल्या कॅनचं झाकण उचललं, वास घेतला आणि ते पुन्हा लावलं.

सकाळचं दूध काढलं की तासाभरात टेम्पोत चढे, त्याची अडचण नव्हती. संध्याकाळचं दूध रात्रभर घरातच राही. थंडीत ते चालून जाई. उन्हाळ्यात मात्र भोरच्या शीतकेंद्रात तपासनीस नळीत थोडं दूध उकळून बघे आणि ते फाटे. गेनबानं साहेबांचा निरोप सांगितला. शनिवारी शेवटचं बघतील. त्या दिवशीही फाटलं, तर पुढं पावसाळ्यापर्यंत मार्गासनीचं संध्याकाळचं दूध उचलायचं नाही.

हा निरोप सगळ्याच बायकांना लागला, पण सारजाबाईंना तो वेगळा लागला. त्या वरच्या धनगरवस्तीवरच्या. घरात मेंढरं होती ती कमी होत गेली आणि आता दोन म्हशींवर घर चाललं होतं. दोन वेळचं दूध गेलं तर दोन म्हशींचा चारा निघे, एका वेळच्या दुधावर एकच म्हैस राहू शकत होती. थोरलीला कुणी विचारत नव्हतं. धाकटी, चांदी, हिच्यावर चिमाजी व्यापाऱ्याचा वर्षभर डोळा होता. चांदीची आई तिला जन्म देऊन मेली होती, आणि सारजाबाईंनी तिला शेळीचं दूध पाजून वाढवलं होतं. चिमाजी शनिवारी दोर घेऊन येतो म्हणाला होता. दूध पास झालं तर म्हैस राहणार, फाटलं तर दोर तिच्या गळ्यात पडणार.

परत येताना आत्या म्हणाली, "तू एवढी शिकलीस. दूध का फाटतं ते तरी सांग."

का फाटतं ते मला माहीत होतं. गार कसं ठेवायचं ते बघायला मी दुपारभर घरोघर फिरले. शाळेतून सुट्टीतल्या वाचनासाठी चार पुस्तकं आणली होती, तसा मुख्याध्यापिकाबाईंना सांगून एक थर्मामीटरही आणला होता. प्रत्येक घरात उपाय एकच होता. कॅनभोवती ओलं तरट गुंडाळायचं आणि ते वाळलं की पुन्हा भिजवायचं. उपाय बरोबर होता. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, पण त्यासाठी हवा हलावी लागते. आत्याचा कॅन चुलीमागच्या कोपऱ्यात होता, कारण मांजर तिथं जात नसे. पलीकडच्या घरात तो दाराआड, दृष्ट लागू नये म्हणून. त्या कोंदट कोपऱ्यांत तरट ओलं राही आणि दूध कोमट. शिवाय विहीर तळाला गेली होती. जी ती बाई आपापल्या तरटासाठी वेगळ्या घागरी वाहून आणत होती, आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरत होतं.

मनात आलं, की इतक्या घरांनी इतक्या कोपऱ्यांत इतकं पाणी ओतायचं कशासाठी? एकच जागा गार करावी, जिथं वारा आहे, आणि सगळे कॅन तिथं ठेवावेत.

हे मी सारजाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मेंढरं दुपारी तेच करत्यात. घोळका करून एकमेकीच्या पोटाखाली डोस्की घालत्यात. एकली उभी राहिली की ऊन खाती."

मला वर्गात इतक्या चटकन कुणी उत्तर दिलं नव्हतं.

जागा आत्यानं सुचवली. गावाच्या खालच्या अंगाला बाजीरावांची पोह्यांची भट्टी होती. भोरात गिरण्या झाल्यापासून ती बंद पडली होती. मी आत डोकावले आणि माझं मन उड्या मारायला लागलं. भिंती जाड मातीच्या. पश्चिमेला मोठी खिडकी, दुपारी वारा येतो त्याच बाजूला. खिडकीखालून पार समोरच्या भिंतीपर्यंत गेलेलं भात भिजवायचं लांबट सिमेंटचं टाकं, गुडघाभर खोल. समोरच्या भिंतीत भात भाजायची चूल आणि तिच्यावर छपराबाहेर गेलेलं विटांचं धुराडं. वारा खिडकीतून येईल आणि धुराड्यातून जाईल. कुणी माझ्यासाठीच बांधून ठेवल्यासारखी ती खोली होती.

किल्लीसाठी बाजीरावांकडे गेले. ते दूध सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या घरात सबंध खोऱ्यात नसलेली एक वस्तू होती: पुण्याच्या कॅम्पात कुठल्याशा लिलावात घेतलेला रॉकेलवर चालणारा फ्रीज. त्यांनी मला तो आधी दाखवला, किल्लीचं नंतर. खाली वाकून त्यांनी एक पत्र्याचा खण ओढला. आत निळसर ज्योत जळत होती.

"बघा मास्तरीणबाई. खाली दिवा, वर बर्फ. हाय का तुमच्या पुस्तकात?"

होतं. ज्योतीच्या उष्णतेनं आतलं औषध फिरतं आणि फिरताना थंडी करतं, हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होते. मी वाकून बराच वेळ त्या ज्योतीकडे पाहत राहिले, त्यामुळे बाजीराव खूश झाले. फ्रीजमध्ये मात्र कॅन मावत नव्हता. दूध तांब्यांत आणि बाटल्यांत ओतून ठेवलेलं होतं. फ्रीजच्या पाठीमागून गरम झळ येत होती, आणि जाईबाईंनी, त्यांच्या बायकोनं, त्या झळीला कंटाळून आपली चूल ओसरीवर नेली होती. त्या वर्षी रॉकेलसाठी रेशनच्या दुकानापुढं रांगा लागत. या एका घराच्या एका कॅनपायी किती रॉकेल जळत होतं, ते मी विचारलं नाही.

भट्टीत काय करायचं आहे ते सांगितलं, तसे बाजीराव हसले. "भट्टीत दूध गार करणार? मग उद्या विहिरीत भाकरी भाजा." पण किल्ली दिली.

गुरुवारी सकाळी कामाला लागलो. बायकांनी कामट्यांच्या दोन ताट्या विणल्या, त्यांच्यामध्ये भाताचा पेंढा भरला आणि ती जाड ताटी खिडकीत बसवली. वर एक पत्र्याचं पन्हाळ आडवं बांधलं आणि त्याला खिळ्यानं भोकं पाडली. पन्हाळात पाणी ओतलं की ते थेंबाथेंबानं पेंढ्यातून झिरपे आणि खालच्या टाक्यात पडे. तेच पाणी बादलीनं काढून पुन्हा वर ओतायचं. वाळेल तेवढंच काय ते नवं आणायचं. दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, म्हणजे हवेला आत यायला ओल्या पेंढ्याशिवाय वाट राहणार नाही. आत्यानं चूल सारवून घेतली. कॅन टाक्यातल्या पाण्यात उभे करायचे होते, कारण हवेपेक्षा पाणी दुधाची उष्णता लवकर काढून घेतं.

इथं एक गोष्ट घडली. जागा ठरवायला सगळ्यांनी रिकामे कॅन आणले होते. आत्यानं आपला कॅन टाक्याच्या अगदी खालच्या टोकाला, चुलीजवळ ठेवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. गावात आम्ही बौद्धांची दोन घरं, आणि सामाईक पाण्यापाशी शेवटच्या जागी उभं राहण्याची सवय तिच्या पायांना होती. मी एवढंच म्हणाले, की चुलीकडचं टोक सर्वांत कमी गार राहील.

सारजाबाईंनी ते ऐकलं. पुढं होऊन त्यांनी आत्याचा कॅन उचलला आणि खिडकीखाली आपल्या कॅनला लावून ठेवला. "ठकुबाय, तुजं नासलं तर त्याच्या नावानं माजंबी परत यील. भोरात सगळं एकाच हौदात जातंय." एकदोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कॅन मात्र कुणी हलवला नाही.

दुपारी पश्चिमेचा वारा सुटला. पेंढ्यातून आत येणारी हवा तोंडावर घेतली तेव्हा बायका हसायलाच लागल्या. बाहेर छत्तीस अंश होते. आत तासाभरात पंचवीस झाले, आणि टाक्यातलं पाणी त्याहून खाली गेलं. एकीनं टाक्यात हात घालून तो गालाला लावला. मी थर्मामीटर तिघींना दाखवला, पण त्याची त्यांना गरज नव्हती. धारांची वेळ झाली तशा साऱ्या घरी पळाल्या. मी पन्हाळात पाणी ओतत दूध यायची वाट बघत बसले.

दूध आलं नाही.

सूर्य डोंगराआड गेला. गुरं परतली, त्यांच्या घंटा ऐकू आल्या, घराघरात दिवे लागले. एकही बाई आली नाही. आणि दिवेलागणीबरोबर वाराही पडला. पेंढा ओला होता, पण हवा त्यातून येत नव्हती. खोलीतला पारा हळूहळू वर सरकत होता. टाक्यातलं पाणी गार होतं, पण त्यात एकही कॅन नव्हता. दूध आलं असतं तरी त्याच्या उबेनं टाकं तापलं असतं आणि ते पुन्हा गार करायला वारा नव्हता. एकाच वेळी दोन्ही बाजूंनी माझा बेत फसला होता.

शेवटी आत्या मला न्यायला आली. मी विचारलं तर तिलाच आश्चर्य वाटलं. दिवा लागल्यावर दूध, दही, मीठ घराबाहेर जात नाही, हे मला ठाऊक असेल असं ती धरून चालली होती. असलं पुष्कळ काही आपण सोडून दिलं, ती म्हणाली, पण हे नाही सुटलं. सुटलं असतं तरी बाकीच्या घरांचं काय? म्हशी रानातून येतात तेव्हाच दिवेलागण होते. धार काढून होते तोवर दिवा लागलेला असतो, आणि मग ते दूध उजाडेपर्यंत घराचं. दूध बाहेर गेलं की म्हैस आटते. डेअरीला दूध सकाळी जातं ते त्याचमुळं चालत होतं.

आम्ही दाराला कडी घालत होतो तेव्हा सारजाबाई वरून उतरत आल्या. हातात कॅन नव्हता. त्या भट्टीच्या उंबऱ्यावर बसल्या.

"रतन, म्या आनलं असतं गं. पर हात उचलला न्हाई. चांदी ऱ्हावी म्हनून दूध द्यायचं, आन त्यापायी तीच आटली तर?"

मला त्यांना समजावून सांगायचं होतं, की म्हशीचं दूध कशानं आटतं आणि कशानं नाही. पण शनिवार जवळ होता, आणि एका दिवसात मी कुणाचं मन बदलणार नव्हते. मी विचारलं, की पूर्वी मेंढरांबरोबर हिंडताना ही रीत कशी पाळत होता? तेव्हा तर घरच नसायचं.

त्यांनी सांगितलं. दिवाळीनंतर बापाची मेंढरं घाट उतरून कोकणात जायची. रोज वेगळं रान, वर आभाळ. सांज झाली की आई एका दगडावर दिवा लावायची. दिवा लागला की तो दगड म्हणजे घर. दूध त्या दगडापाशी ठेवायचं, त्याच्यापलीकडं न्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा दगड.

एवढं बोलून त्या थांबल्या. मीही थांबले. आत्या म्हणाली, "काय झालं दोघींना?"

"दिवा जिथं, घर तिथं," सारजाबाई सावकाश म्हणाल्या. "मंग दिवाच हितं लावला तर?"

शुक्रवारी त्या सकाळपासून घराघरात जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. घरचा दिवा घरी लावायचाच नाही, तो भट्टीत नेऊन लावायचा. घरात कंदील पेटवावा, कंदील काही देवाचा नव्हे. मग दूध दिव्यापाशीच राहिलं, बाहेर गेलं कुठं? एका म्हाताऱ्या सासूनं विचारलं, की लक्ष्मीला एवढं लांब चालवायचं का? सारजाबाई म्हणाल्या, की आमची लक्ष्मी कोकणापर्यंत चालली, तुमची भट्टीपर्यंत येईल.

संध्याकाळी साऱ्या बायका भट्टीत आल्या. एका हातात कॅन, दुसऱ्या हातात दिवा. पणत्या, पितळी निरांजनं, एक दगडी दिवा, कुणाकडं करंजाचं तेल, कुणाकडं करडईचं. आत्याच्या घरी बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लागे. ती मेणबत्ती घेऊन आली. सगळ्यांचे चेहरे सणाला निघाल्यासारखे होते. मी मात्र मनात आकडे मांडत होते. जळता दिवा अर्ध्या माणसाएवढी उष्णता देतो. डझनभर दिवे म्हणजे अर्धा डझन माणसं त्या खोलीत रात्रभर बसवायची, तीही वारा पडलेला असताना. मी म्हणाले, की सगळ्यांच्या वतीनं एकच दिवा लावूया.

"कुणाचा?" एकीनं विचारलं.

दूध बारा घरचं आणि दिवा एका घरचा, म्हणजे अकरा घरचं दूध परक्या घरी गेलं. त्यांचा हिशेब बरोबर होता.

बाजीराव गंमत बघायला आले होते. दाराशी उभे राहून ते म्हणाले, "मास्तरीणबाई, दिव्यांनी काय गार होतंय? आमच्या फ्रीजची गोष्ट निराळी."

आणि मला तो पत्र्याचा खण दिसला. खाली दिवा, वर बर्फ. फ्रीजमध्ये ज्योत आतलं औषध फिरवते. मला औषध फिरवायचं नव्हतं, हवा फिरवायची होती. वारा पडला होता, म्हणून हवा ओढणारं काहीतरी हवं होतं. गरम हवा वर जाते. वर जायला धुराडं होतं. मी दिव्यांच्या उष्णतेला खोलीत जागा शोधत होते, पण तिला खोलीत ठेवायचंच नव्हतं, धुराड्यातून बाहेर काढायचं होतं. आणि ती बाहेर जाताना आपल्यामागं हवा ओढून नेणारच. ती हवा कुठून येणार? ओल्या पेंढ्याशिवाय दुसरी वाट आम्हीच ठेवली नव्हती.

माझा आवाज चढला असावा, कारण सगळ्यांनी वळून पाहिलं. मी म्हणाले, दिवे सगळे लावा, पण चुलीत. धुराड्याच्या बरोबर खाली. आणि दार ओढून घ्या.

चुलीत दिवा ठेवायचा म्हणताच कुजबुज झाली. आत्या पुढं झाली. चूल सारवलेली आहे, ती म्हणाली, आणि चुलीला तुम्ही हळदकुंकू वाहताच. असं म्हणून तिनं आपली मेणबत्ती चुलीच्या पोटात सर्वांत आत उभी केली आणि पेटवली.

ज्योत क्षणभर सरळ राहिली. मग तिनं मान वळवली. खिडकीकडून जणू कुणी फुंकर घातल्यासारखी ती धुराड्याकडे झुकली.

सारजाबाईंनी आपला दगडी दिवा लावला. मग पणत्या, मग निरांजनं. मी खिडकीपाशी गेले. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. पदराचा एक सुटलेला दोरा तोडून मी पेंढ्यासमोर धरला. तो आधी लोंबला, मग हळूच आत, खोलीकडे उचलला गेला. आणखी दोन दिवे लागले. दोरा आणखी उचलला. ओल्या पेंढ्यातून बारीक सूं असा आवाज यायला लागला. वारा बाहेर नव्हता. तो आम्ही लावला होता.

मी दोरा एकेकीच्या हातात दिला. प्रत्येकीनं तो धरून पाहिला. जाईबाईंनी दोनदा. बाजीराव पुढं आले, त्यांनी चुलीत वाकून वर धुराड्याकडे पाहिलं आणि केस जळायच्या आत डोकं मागं घेतलं.

कॅन टाक्यात उतरवले. धारोष्ण दूध होतं, पस्तिसाच्या वरचं. मी दर थोड्या वेळानं झाकण उचलून थर्मामीटर घालत होते आणि मोठ्यानं आकडा सांगत होते. बत्तीस. एकोणतीस. सत्तावीस. माझ्या मागून बायका आकडे म्हणू लागल्या, लिलावात म्हणतात तसे, फक्त उलटे. चोविसाला पारा आला तेव्हा सारजाबाईंनी बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाल्या, "पहाटच्या धुक्यागत लागतंय."

परत जाताना मी आत्याला सांगितलं, की खरं तर इतक्या दिव्यांची गरज नाही. पहिला दिवा जेवढी हवा ओढतो, त्याच्या दुप्पट ओढायला आठ दिवे लागतात. तीनचार दिव्यांतही भागलं असतं.

आत्या म्हणाली, "मग, कुणाचा काढू?"

आम्ही कुणाचाच काढला नाही. दिवे तेल संपेपर्यंत जळले. त्यानंतर रात्र आपली आपण गार झाली.

शनिवारी सकाळी थांब्यावर सगळ्यांच्या आधी चिमाजी आला होता. पांढरं धोतर, खांद्यावर नवा कोरा दोर. सारजाबाईंनी त्याला बसायला सांगितलं, बाकी काही नाही. टेम्पो आला. फाटलेलं दूध भोरपर्यंत नेऊन परत आणायचा गेनबाला कंटाळा आला होता. म्हणून तपासनिसानं उकळायच्या आधी आपणच थांब्यावर उकळून बघावं, असं त्यानं ठरवलं होतं. चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह पेटता होता. गेनबानं एक छोटी किटली घेतली.

"आधी माजं," सारजाबाई म्हणाल्या.

संध्याकाळचं दूध किटलीत पडलं. फाटायचं असेल तर उकळी यायच्या आधीच कडेला कण दिसू लागतात. मी कडेकडेच बघत होते. चिमाजीही वाकून बघत होता, आणि त्याला काय दिसायला हवं होतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. दुधावर वाफ आली. बारीक बुडबुडे आले. पृष्ठभाग सुरकुतला, पण ती साय होती. मग दूध एकसंध, पांढरंशुभ्र वर चढलं आणि गेनबानं घाईनं किटली उचलली.

त्यानं चमचा घालून ढवळलं, चमचा उलटा करून पाहिला. "चांगलं हाय," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा पाहून, "सकाळच्यावानी हाय."

बायकांनी कॅन पुढं सरकवायला सुरुवात केली, इतक्या जोरानं की गेनबाला रांग लावा म्हणावं लागलं. प्रत्येक कॅनमधलं थोडं उकळून पाहिलं. एकही फाटलं नाही. आत्याचा कॅन टेम्पोत सारजाबाईंच्या कॅनशेजारी चढला. शेवटी जाईबाई आल्या, डोक्यावर कॅन घेऊन. बाजीरावांच्या घरचं दूध आदल्या रात्री तांब्यांतून निघून भट्टीत आलं होतं, त्यांना न विचारता. फ्रीजचं रॉकेल संपलं होतं, असं जाईबाईंनी मला हळूच सांगितलं, आणि ते आणायला त्यांनी कुणाला पाठवलं नव्हतं.

टेम्पो निघून गेला. भोरहून तो परत येताना वळणापलीकडूनच खडखडाट ऐकू येणार होता, पण त्याची वाट बघायला सारजाबाई थांबल्या नाहीत. किटलीत उरलेल्या दुधाचा त्यांनी टपरीवाल्याकडून चहा करून घेतला आणि पहिला कप चिमाजीला दिला.

चिमाजी चहा प्यायला. कप खाली ठेवून, खांद्यावरचा दोर सावरत तो म्हणाला, "मंग म्हशीचं काय?"

"म्हशीचं काय? संध्याकाळी धार काडायची," सारजाबाई म्हणाल्या. मग दोराकडे बघून, "लांब हाय का त्यो? विहिरीचं पानी खोल गेलंय, भट्टीत वतायला बादली पुरंना. ठिवून जा. पाऊस पडला की नेशील."

चिमाजीनं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. चहा पिऊन झाला होता, त्यामुळं नाही म्हणणं त्याला अवघड गेलं असावं.

त्या संध्याकाळी मी पाणी शेंदायला गेले तेव्हा बादलीला तोच दोर होता, नवा, अजून हाताला टोचणारा. बादली वर ओढता ओढता मला भट्टीकडे चाललेल्या बायका दिसल्या, हातात न लावलेले दिवे घेऊन.